सुधारकाच्या घरांतील दुसरी वाट

रूढीनें चालणाऱ्या बापाचा मुलगा बंडखोर निघाला, तर त्याचें कोणास फारसें नवल वाटत नाहीं. परंतु बापानेंच रूढीविरुद्ध बंड करून कीर्ति मिळविली असेल, तर मुलानें काय करावें? त्यानें बापाच्या कार्याची धुरा खांद्यावर घ्यावी, अशी लोकांची अपेक्षा असते. ती आदरांतून जन्मलेली असल्यामुळें मोडावयास अधिकच कठीण. या दृष्टीनें रघुनाथ धोंडो कर्वे यांचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

रघुनाथरावांचा जन्म 1882 सालचा. ते अकरा वर्षांचे असतां, 1893 सालीं, त्यांचे वडील अण्णासाहेब कर्वे यांनीं एका विधवेशीं विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनीं त्यांना वाळींत टाकलें. पुढें अण्णासाहेबांनीं 1896 सालीं विधवांसाठीं आश्रम काढला व 1916 सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यांची रीति सावधपणाची. समाज बिचकूं नये म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनीं आश्रमाच्या कामापासून दूर ठेवला. एका वेळीं एकच पाऊल, आणि तेंहि लोकांना बरोबर घेऊन, असा त्यांचा क्रम होता.

रघुनाथरावांनीं वडिलांप्रमाणेंच गणिताचें अध्यापन पत्करलें व पॅरिसला जाऊन त्या विषयाचा पुढील अभ्यासहि केला. येथपर्यंतची वाट मळलेलीच होती. परंतु 1921 सालीं, मेरी स्टोप्स यांनीं लंडनमध्यें आपलें केंद्र उघडलें त्याच वर्षीं, त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र सुरू केलें. विल्सन कॉलेजच्या चालकांना हें रुचलें नाहीं. प्रचार सोडावा कीं नोकरी, असा प्रश्न येतांच रघुनाथरावांनीं 1925 सालीं नोकरी सोडली.

जुलै 1927 मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें. मासिकाला पैसा नव्हता. संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनीं उचलला. आपणांस मूल नको, असेंहि या दांपत्यानें विचारपूर्वक ठरविलें होतें. अश्लीलतेच्या आरोपावरून मासिकावर खटले झाले. 1934 सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीहि दंड चुकला नाहीं. मासिक मात्र 1953 च्या ऑक्टोबरांत रघुनाथरावांचें निधन होईपर्यंत चालूच राहिलें.

विधवेच्या कैवाऱ्यांना मानणारे सुशिक्षित लोकहि या कार्यापासून दूर कां राहिले? विधवेचें दुःख पाहून दया उपजते, आणि दया करणाऱ्यास स्वतःच्या थोरपणाचा आनंदहि मिळतो. रघुनाथरावांचें मागणें दयेचें नव्हतें. मूल कधीं व्हावें, किंबहुना व्हावें कीं नाहीं, हें स्त्रीनें स्वतः ठरवावें, असें ते म्हणत. हें मान्य केल्यास प्रत्येकाला आपल्याच घरांत कांहींतरी सोडावें लागणार होतें.

या वाटेची किंमत त्यांना मोजावी लागली, आणि तिचा थोडा भाग त्यांच्या स्वभावाकडेहि जातो. परखडपणाला मुरड घालणें त्यांना जमलें नाहीं. त्यामुळें सहकारी थोडे मिळाले. अण्णासाहेबांच्या संस्था वाढत गेल्या. रघुनाथरावांचें कार्य बव्हंशीं एकट्याचेंच राहिलें.

कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम भारत सरकारनें 1952 सालीं हातीं घेतला, तो त्यांना मृत्यूपूर्वी वर्षभर पाहावयास मिळाला. 1958 सालीं अण्णासाहेबांना भारतरत्न हा किताब मिळाला, तेव्हां मुलगा जाऊन पांच वर्षें झालीं होतीं.

मुलानें वडिलांची वाट सोडली, असें लोक म्हणत. तथापि 1893 सालीं वडिलांनीं जें केलें, तेंच 1921 सालीं मुलानें केलें : स्वतःच्या बुद्धीस जें पटलें, त्याप्रमाणें आचरण. या घरांतील खरा वारसा हाच होता, आणि तो चालविण्यासाठींच रघुनाथरावांना निराळ्या वाटेनें जावें लागलें.