वाऱ्याचा डोळा

खिडकी म्हटली की आपल्या मनात प्रथम उजेड येतो. नॉर्वे-डेन्मार्ककडे मात्र खिडकीच्या नावात वारा शिरला आहे, आणि त्याचे कारण चुलीचा धूर असावा असे मला वाटते.

हजार वर्षांपूर्वी तिकडील घर म्हणजे एक लांबट दालन. मध्यभागी जमिनीवरच आगटी. तिच्यावर रांधायचे आणि तिच्याभोवतीच थंडीचे महिने काढायचे. धुराडे नव्हते. धूर छपरातील भोकातून जाई तेवढाच! त्या भोकाला 'ल्योरी' म्हणत. हा शब्द उजेडाच्या घराण्यातला. झरोक्याला दुसरा शब्द होता 'विंदाउगा'. 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. ओल्या सरपणापुढे बसून जिचे डोळे चुरचुरले आहेत, त्या भगिनीला हे नाव का पडले ते समजावून सांगायला नको.

गंमत अशी, की हे दोन्ही शब्द आपल्या 'वात' आणि 'अक्षि' यांचे दूरचे भाऊबंद आहेत. संस्कृतातही खिडकीला 'वातायन', म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष', म्हणजे बैलाचा डोळा, अशी नावे आहेत. कोणी कोणाचे पाहून ठेवली नाहीत. पण वारा इथेही आहे आणि डोळाही.

उजेडाचा 'ल्योरी' जुन्या घरांपुरता उरला, वाऱ्याचा शब्द मात्र टिकला. नॉर्वेत आज 'विंदू' म्हणतात, डेन्मार्कमध्ये 'विंदुए'. डोळा इतका झिजला आहे की बोलणाऱ्यालाही तो दिसत नाही. इ. स. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली, पुढे त्यांची वस्ती झाली, आणि त्यांच्या बोलीतून हा शब्द इंग्रजीत गेला. आपण सहज 'विंडो' म्हणतो, तो हाच. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द 'डोळ्याचे भोक' अशा अर्थाचा होता. तो पार बुजला.

स्वीडनमध्येही पूर्वी हा शब्द होता. पुढे ल्यूबेककडील जर्मन व्यापाऱ्यांचे तेथे वजन वाढले आणि त्यांच्या भाषेतून मूळचा लॅटिन 'फेन्स्टर' आला. आइसलँडने दोन्ही नाकारून 'ग्लुग्गी' राखला.

काच दुर्मिळ होती तेव्हा आइसलँडमध्ये झरोक्याच्या चौकटीवर जनावराचा पातळ पडदा ताणून बसवीत. त्याचे नाव 'स्क्याउर'. आज तेथे दूरदर्शन आणि संगणक यांच्या पडद्याला हाच शब्द वापरतात.