ग्रिड संगणन

ग्रिड संगणन : निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या संस्थांच्या मालकीचे संगणक वेगवान नेटवर्कने जोडून एखादे मोठे गणनकार्य त्यांच्यात वाटून देण्याची पद्धत. समांतर संगणनाचा हा एक प्रकार आहे. महासंगणकाचे हजारो प्रोसेसर एका दालनात, एकाच संस्थेच्या ताब्यात असतात. ग्रिडमधील संगणक मात्र अनेक शहरांत, बरेचदा अनेक देशांत विखुरलेले असतात आणि प्रत्येक केंद्र आपला कारभार स्वतःच पाहते.

इतिहास : रिकाम्या बसलेल्या संगणकांकडून काम करून घेणारी ‘काँडॉर’ ही प्रणाली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकात मिरॉन लिव्हनी यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. १९९५ मध्ये ‘आय-वे’ या प्रयोगात उत्तर अमेरिकेतील १७ केंद्रे जोडण्यात आली. त्या अनुभवातून इयन फॉस्टर, कार्ल केसलमन व स्टीव्ह ट्यूकी यांनी ‘ग्लोबस’ हा आज्ञावलीसंच विकसित केला. वीज जशी कोणत्या केंद्रात तयार झाली हे न विचारता वापरता येते, तशी गणनक्षमताही मिळावी, ही यामागची कल्पना होती. १९९९ मध्ये बर्कली येथून सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ या प्रकल्पाने घरोघरीच्या संगणकांना अशाच कामात सामावून घेतले.

रचना : नेटवर्क आणि वापरकर्त्याचा कार्यक्रम यांच्यामध्ये मध्यस्थ आज्ञावलीचा थर असतो. कोणते केंद्र मोकळे आहे ते पाहून काम तिकडे पाठवणे, लागणारा डेटा तेथे पोचवणे, काम अर्धवट राहिल्यास ते दुसरीकडे पुन्हा लावणे ही कामे हा थर करतो. ओळख पटवण्यासाठी वापरकर्त्याला डिजिटल प्रमाणपत्र दिले जाते. एका प्रकल्पातील संशोधकांची ‘आभासी संघटना’ मानली जाते आणि तिच्या सदस्यांना कोणते अधिकार द्यायचे ते प्रत्येक केंद्र ठरवते. परक्या संस्थेच्या माणसाला आपले यंत्र वापरू देण्याइतका विश्वास या व्यवस्थेतून उभा राहतो. ग्रिडचे हे यश वेगाहूनही महत्त्वाचे आहे.

अंतराची मर्यादा : प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. वेगाने जातो. जिनिव्हा ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ६,७०० किमी. आहे, म्हणजे एकेरी प्रवासालाच किमान ३३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची सुमारे १० कोटी आवर्तने होऊन जातात. हवामानाच्या प्रारूपात प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटीचे आकडे पावलोपावली लागतात; अशी गणिते ग्रिडवर खोळंबतात व महासंगणकावरच चांगली चालतात. ज्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, ते मात्र ग्रिडवर उत्तम चालते. समांतर संगणनाला आणखी एक मर्यादा आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कामाचा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर प्रोसेसर कितीही वाढवले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही.

एलएचसी ग्रिड : जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) या कणत्वरकातील कणांची प्रत्येक टक्कर स्वतंत्र घटना असते. त्यामुळे टकरींच्या नोंदी हव्या तेवढ्या गटांत वाटता येतात. त्यासाठी उभारलेल्या ग्रिडमध्ये चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे आहेत. मूळ नोंद सर्नमध्ये, म्हणजे शून्य स्तरावर साठवली जाते. पहिल्या स्तरावरील मोठी केंद्रे तिची दुसरी प्रत जपतात व नव्याने प्रक्रिया करतात. दुसऱ्या स्तरावर सदृशीकरण व विश्लेषण होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘सीएमएस’ या प्रयोगासाठी, तर कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ‘ॲलिस’साठी दुसऱ्या स्तराचे केंद्र चालवते. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या हिग्ज बोसॉनसदृश कणाच्या शोधामागे या ग्रिडवरील विश्लेषण होते.

भारतातील उपक्रम : पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक सादर केला. याच संस्थेने पुढे ‘गरुड’ हा राष्ट्रीय ग्रिड उपक्रम राबवला. त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या गेल्या. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुढे विविध शिक्षणसंस्थांत महासंगणक बसवण्यात आले. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ हा त्यांपैकी एक.

सद्यःस्थिती : २००६ नंतर क्लाउड सेवा पसरल्या आणि भाडे भरून गणनक्षमता घेणे सोपे झाले, त्यामुळे ग्रिडचा सर्वसाधारण वापर मागे पडला. तरीही जेथे डेटा अनेक देशांचा सामाईक असतो आणि खर्चही वाटून घ्यायचा असतो, तेथे ग्रिडच उपयोगी पडते. कोणत्याही एका देशाला एकट्याने न पेलणारे विज्ञान तिच्यामुळे शक्य झाले आणि लहान केंद्रातील संशोधकालाही त्यात बरोबरीने काम करता आले.