रोमचा करार आणि नाम्पुलाचा काजू

युद्धातून सावरलेला देश म्हणून मोझांबिकचे नाव घेतले जाते, आणि त्यात तथ्य आहे. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवीत आणि तिच्या मागून आलेल्या उपासमारीत सुमारे दहा लाख माणसे गेली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये करार झाला. १९९४च्या निवडणुकीत सत्ताधारी फ्रेलिमो जिंकला आणि कालपर्यंत बंदूक चालवणाऱ्या रेनामोने २५०पैकी ११२ जागा मिळवल्या. बंडखोरांचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून देणगीदार देशांनी त्यांना पैसाही पुरवला. अनेकांना ते खटकले, पण तो पैसा कारणी लागला. उणीव निराळीच होती. राजधानी मापुतोत सत्तेची वाटणी झाली. गावाच्या पोटापाण्याचे निर्णय मात्र गावाला न विचारताच होत राहिले.

काजूचेच पाहा. ब्राझीलचे हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणले, तसेच मोझांबिकच्या किनाऱ्यावरही लावले. १९७०च्या आसपास हा देश काजू उत्पादनात जगात आघाडीवर होता. उत्तरेचा नाम्पुला प्रांत त्याचे आगर. बी भाजायची, फोडायची, गर अखंड काढून साल सोलायची, हे चिकाटीचे काम. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जळते. तरी त्यावर हजारो घरे चालत, कित्येक बायकांच्या मजुरीवर. युद्धातही तगलेला हा धंदा बसला तो शांतता आल्यावर. जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवायला लावला. बी जहाजाने भारतात जाऊ लागली आणि दशक संपेपर्यंत बहुतेक कारखान्यांना टाळे लागले. कारखाने अकार्यक्षम आहेत, त्यांना पोसण्यासाठी शेतकऱ्याचा भाव मारला जातो, असे बँकेचे म्हणणे होते. ते निराधार नव्हते. पण अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा शेतकरी कुटुंबाचा सरासरी फायदा वर्षाला जेमतेम पाच डॉलर निघाला.

हे सारे परक्यांचेच पाप, असेही म्हटले जाते. रेनामोला ऱ्होडेशियाच्या हेरखात्याने उभे केले आणि नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसले, हे खरेच आहे. पण परक्या बंदुकीला खेड्यात आसरा मिळाला, कारण फ्रेलिमोने शेतकऱ्यांना सक्तीने सामुदायिक गावांत हलवले होते आणि परंपरागत मुखियांचा मान काढून घेतला होता. लोकांना न विचारता निर्णय घेण्याची ती सवय करारानंतरही सुटली नाही. २०१३-१४मध्ये सरकारी हमीवर सुमारे दोन अब्ज डॉलरचे कर्ज घेतले गेले, त्यातले बरेचसे संसदेला अंधारात ठेवून. २०१६मध्ये ते उघडकीस आले, मदत थांबली, चलन कोसळले आणि त्याची झळ सामान्यांना बसली.

जुन्या युद्धाचे सुरुंग तेवढे निघाले: सप्टेंबर २०१५मध्ये देश भूसुरुंगमुक्त जाहीर झाला. पण ऑक्टोबर २०१७मध्ये काबो देल्गादो या नैसर्गिक वायूने समृद्ध तरी अतिशय गरीब प्रांतात नवे बंड पेटले. त्यात हजारो माणसे मारली गेली आणि लाखोंना घर सोडावे लागले.