कोहांगा रेओ : पैसा सरकारी, भाषा आजीची

न्यूझीलंडच्या माओरी समाजाची ही बालवाडी चळवळ. नावाचा अर्थ ‘भाषेचं घरटं’. पहिलं घरटं १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुइओमाटा इथं सुरू झालं. आजी-आजोबा मुलांशी दिवसभर माओरीतच बोलायचे, सोबत आई-वडीलही शिकायचे. सुरुवातीला पैसा माओरी व्यवहार खात्याचा, कारभार मात्र कुटुंबांचा. १९९० मध्ये ही केंद्रं शिक्षण खात्याकडे गेली आणि खरी मेख इथंच आहे. अनुदानात प्रमाणपत्रधारक शिक्षकांच्या केंद्रांना झुकतं माप मिळालं. अस्खलित बोलणाऱ्या आजीकडं कुठलं आलंय प्रमाणपत्र? चळवळीच्या राष्ट्रीय ट्रस्टनं दाद मागितली. वैतांगी न्यायाधिकरणानं २०१२ च्या अहवालात सरकारनं करार मोडल्याचा ठपका ठेवला. या न्यायाधिकरणाच्या शिफारशी बहुतेक वेळा सरकारवर बंधनकारक नसतात.