तळटीप १४ : ‘पिकासाच्या फायली’

१४. ‘पिकासाच्या फायली’ : पिकासा हे संगणकावर फोटो लावून ठेवण्याचे सॉफ्टवेअर. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेतले, २०१६ मध्ये बंद केले. मूळ फोटोला हात न लावता ते त्या-त्या फोल्डरमध्ये ‘.पिकासा.आयएनआय’ नावाची लपलेली फाइल तयार करी. ती निव्वळ मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते : चौकोनी कंसात फोटोचे नाव, त्याखाली ‘स्टार=येस’ अशी आवडीची खूण, कापलेल्या कडा, वाढवलेला उजेड, चेहऱ्याभोवतीची चौकट आणि त्या माणसाचा संकेतांक. वसई खाडीच्या उत्तर तीरावरील नायगावच्या मिठागरांचे फोटो नव्या डिस्कवर घेताना लेखकाच्या भाच्याने व्हायरस समजून गाळल्या त्या याच. फोटो शाबूत आले, चेहऱ्यांच्या खुणा मात्र आल्या नाहीत; मिठागरावर राबणाऱ्यांची ओळख सांगणाऱ्या नोंदी अशा जाव्यात, ही हानी मोठीच. चित्रओळी जेपीजी फोटोच्या आतच साठवल्या जात, म्हणून त्या वाचल्या. सोबत उल्लेखिलेली ‘थम्ब्ज.डीबी’ विंडोजची, तीत केवळ छोट्या प्रतिमा असतात आणि पुसली तरी ती नव्याने तयार होते. — संपा.