राब, आच आणि पाच घरांची रोपं

आज वाफ्यावरचं प्लॅस्टिक काढलं. खाली एक हिरवं पान नाही. शेजारच्या न झाकलेल्या तुकड्यात, भिजवला तेवढ्यावरच, हराळी आणि घोळ मजेत उभी आहे.

बेगडेवाडीतल्या आमच्या पाच घरांनी मिळून ४ गुंठे भाजीला ठेवलेत: २ गुंठे टोमॅटो, १ वांगी, १ मिरची. गेल्या वर्षी रोपांनी घात केला. प्रत्येकाने आपापलं बी आणलं, एकाच वाफ्यात ओतलं, आणि पावसाची झड लागल्यावर रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. मर. मग कुणाचं बी वाईट, कुणी पाणी जास्त दिलं, यावरून दोन घरं महिनाभर बोलत नव्हती. रोप एकाचं मेलं तर एकाचं नुकसान. सामाईक वाफा मेला की नातीपण मरतात.

तेव्हा आमचे आजोबा आठवले. भाताचं रोप टाकायच्या जागेवर ते होळीनंतर राब भाजायचे. खाली शेण, वर टहाळ, मग पातेरा आणि गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर, म्हणजे भडका न होता धुमसत राहतं. पेटवायचं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने. लहानपणी वाटायचं, हा राखेचा खटाटोप.

इंग्रज सरकारलाही तो खटाटोपच वाटत होता, वर जंगलाची नासाडी. टहाळ जंगलातून यायचा. घाटाखाली ठाणे-कुलाब्यात त्यावरून एवढी कुरबुर झाली की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, आणि राब हा त्यातला मोठा वाद होता. झाडं तोडून होणारी हानी खरी होती, हेही मान्य करायला हवं.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरल्ड मान प्राचार्य होते. (पिंपळे सौदागरचा शेतीचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढणारे तेच.) त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर राबावर काम करून १९१२ मध्ये ते छापलं. राखेचं काम किती आणि आचेचं किती, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती नुसती तापवली तरी तिची ताकद वाढते. म्हणजे राख घालून राबाचं सगळं काम होत नाही. माती तापली पाहिजे.

आणि माती तापवायला टहाळच हवा असं नाही. इस्रायलमध्ये कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उन्हानेच रोगाची बुरशी मारून दाखवली. आम्ही तेच केलं. ५ एप्रिलला गादीवाफे केले, भरपूर भिजवले, पारदर्शक कागद ताणून कडा मातीत पुरल्या. काळा कागद नको, त्याखाली तण दबतं पण माती तेवढी तापत नाही. पाच आठवडे हात लावला नाही. आता वाफा खोल उकरायचा नाही, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते.

बी एकाच हाताने टाकायचं ठरलंय, आमच्या काकूंच्या. लावण २० जूनच्या आसपास उरकायची, कारण पुढे भाताची आवणी लागली की भाजीकडे कोण येतंय? तिथून मागे मोजलं: मिरचीला ४० दिवस, वांग्याला ३५, टोमॅटोला २५. म्हणून मिरची आजच पडली. वांगी १६ मेला, टोमॅटो २६ला, रोहिणी लागता लागता.

टोमॅटो ३ बाय दीड फुटावर लावला तर गुंठ्याला २४२ रोपं बसतात, दोन गुंठ्यांना ४८४. मरतुकीला धरून ५५० टाकतोय. वांगी २१०, मिरची ४२०. उरलेली रोपं कुणाची, यावर अजून एकमत नाही. काकू म्हणतात, "आधी उगवू तरी दे."

बियाला ट्रायकोडर्मा चोळलाय, ओळी चार बोटांवर, बी अर्ध्या पेरापेक्षा खोल नाही. एक वाफा मुद्दाम न तापवलेला ठेवलाय, तेच बी, तेच पाणी. पहिल्या झडीनंतर दोन्हीचे फोटो टाकतो.