‘नववधू प्रिया’ : प्रीती आणि मृत्यू यांचे गीत

आधुनिक मराठी भावगीताच्या इतिहासात भा. रा. तांबे (1873–1941) यांच्या ‘नववधू प्रिया’ या कवितेचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. वसंत प्रभू यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी ती गायिली आणि ती घरोघरी पोहोचली. तथापि अनेक श्रोत्यांनी तिला सासरी निघालेल्या मुलीचे गीत मानले. वस्तुतः प्रियकराची ओढ आणि माहेर सुटण्याचे भय यांत सापडलेली ही वधू म्हणजे जीव, तर तिला नेणारा प्रियकर म्हणजे मृत्यू होय. अखेरीस ती ज्याला आपले कायमचे घर समजते, ते इहलोकीचे नाही.

ही प्रतिमा तांबे यांना परकी नव्हती. ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे जन्मलेल्या आणि माळव्यात वावरलेल्या या कवीच्या परिसरात कबीराची पदे लोकांच्या मुखी होती, आणि त्यांत जीव हा परमात्म्याची नवरी होतो. सूफी संतांच्या पुण्यतिथीचा ‘उरूस’ हा शब्दही मूळ अरबीत विवाहाशीच निगडित आहे.

म्हणून लग्नगीत हा अर्थ चुकीचा नसून अपुरा आहे. वधूची भीती ज्याला खरी वाटते, त्यालाच मृत्यूचे आश्वासक रूप उमगते. चालीच्या गोडव्यात मात्र हा दुसरा अर्थ बराचसा झाकला गेला.